मोरसला गेलेला पूर्वज: मॉरिशसच्या मराठी घराण्याचे मूळ कागदपत्रांतून कसे शोधावे

मॉरिशसमधील मराठी घरांत आज जे आडनाव म्हणून चालते, ते पुष्कळदा मुळात आडनाव नसतेच. जहाजातून उतरलेल्या पहिल्या माणसाचे किंवा त्याच्या वडिलांचे ते पाळण्यातले नाव असते. उतरताना कारकुनाने एकच नाव लिहून घेतले, पुढे मुलांच्या जन्मनोंदीत तेच आडनावाच्या जागी बसले, आणि कोकणात त्या घराला ज्या आडनावाने ओळखत होते ते दोन-तीन पिढ्यांत विसरले गेले. त्यामुळे रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गात येऊन ‘आमच्या आडनावाची घरे कुठे आहेत’ असे विचारणाऱ्याला बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते. या शोधाची किल्ली आडनावात नसून मजुराला मिळालेल्या क्रमांकात आहे, आणि तो क्रमांक हाती येईपर्यंत भारताचे तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: मॉरिशसमध्ये राहून मूळ गाव शोधणाऱ्यांसाठी, आणि ‘आमच्या भावकीतला एक जण मोरसला गेला तो आलाच नाही’ एवढेच ऐकलेल्या कोकणातल्या घरांसाठी. मोरस हे मॉरिशसचे जुन्या मराठीतले नाव आहे. तिथून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला आपल्याकडे मोरस साखर म्हणत. जुन्या माणसांशी बोलताना आणि मोडी कागद वाचताना हाच शब्द ध्यानात ठेवावा, कारण तिथे ‘मॉरिशस’ हा शब्द सापडण्याची शक्यता फारच कमी.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण कोणता कागद कधी सुरू झाला हे तिच्यावर ठरते. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द होत असताना मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला पोहोचले, आणि हा दिवस आजही तिथे सरकारी सुट्टीचा आहे. मजुरांच्या हालअपेष्टांचा बोभाटा झाल्यावर १८३८ च्या सुमारास ही वाहतूक थांबवण्यात आली. १८४२ च्या कायद्यानंतर ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. पुढील सात-आठ दशकांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मिळून सुमारे साडेचार लाख माणसे तिथे गेली. त्यांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता आणि तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतला होता. मराठी घराण्यांच्या दृष्टीने ही गोष्ट सोयीची आहे, कारण शोधाचा कालखंड आपोआप आखडतो.

पहिली पायरी: घरातले आधी

सुरुवात जिवंत माणसांपासून करावी आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीला सर्वांत आधी गाठावे. ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न शेवटी विचारावा, कारण त्याचे उत्तर बहुधा ‘बंबई’ किंवा ‘रत्नागिरी’ असे येते. त्यातले पहिले जहाज सुटण्याचे बंदर असते आणि दुसरे पुष्कळदा पुढे कोणाकडून तरी ऐकलेले असते. त्यापेक्षा घरातल्या विधींबद्दल विचारावे. कोणत्या देवाला आधी नारळ ठेवतात, लग्नात देवक म्हणून कोणत्या झाडाचा डहाळा किंवा कोणती वस्तू पुजतात, गोंधळ घालताना कोणकोणत्या देवांना बोलावणे करतात, गाऱ्हाणे घालताना कोणती नावे घेतात. मॉरिशसच्या मराठी समाजात गोंधळ टिकून आहे आणि कोकणातल्या जाखडीचे ‘झाकरी’ हे रूपही टिकून आहे. गोंधळातल्या आवाहनात एखाद्या ग्रामदेवतेचे नाव मोडतोड होऊन का होईना शिल्लक असेल, तर ते कोणत्याही छापील कागदाइतके मोलाचे ठरू शकते. ही नावे ध्वनिमुद्रित करावीत आणि कानाला जशी ऐकू येतात तशीच लिहावीत; आपल्या समजुतीप्रमाणे सुधारून लिहू नयेत.

त्यानंतर पेट्या, कपाटे आणि देवघराचे खण पाहावेत. जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले, जमिनीचे खरेदीखत, मळ्यावरच्या नोकरीचा एखादा कागद, आणि नशीब असेल तर पूर्वजाचे छायाचित्र लावलेले मजुराचे तिकीट मिळते. १८६७ च्या मजूरविषयक कायद्यानंतर, करार संपवून बेटावर राहिलेल्या मजुरांना असे छायाचित्र असलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ज्या तिकिटाच्या जाचाबद्दल तेव्हा तक्रारी झाल्या, त्याच तिकिटामुळे आज एखाद्या कुटुंबाला खापरपणजोबांचा चेहरा पाहायला मिळतो.

मिळालेली प्रत्येक माहिती लिहिताना तिच्यापुढे ती कुठून आली हे नोंदवावे: कागदावरून, कोणाच्या तोंडून, की आपल्या अंदाजाने. सहा महिन्यांनी या तिन्हींची सरमिसळ होते आणि अंदाज हळूहळू कागदाचा मान मिळवून बसतो.

दुसरी पायरी: मॉरिशसच्या नागरी नोंदींतून मागे जाणे

स्वतःच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जावे. मॉरिशसमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी सिव्हिल स्टेटस विभागाकडे असतात आणि ही पद्धत फ्रेंच अमदानीपासून चालत आलेली असल्यामुळे नोंदी चांगल्या तपशिलाच्या असतात. प्रत्येक पिढीसाठी किमान दोन कागद मिळवावेत, उदाहरणार्थ आजोबांचा जन्मदाखला आणि विवाहदाखला, म्हणजे आई-वडिलांची नावे एकमेकांशी ताडून पाहता येतात. दाखल्याचा संक्षिप्त उतारा घेऊ नये. पूर्ण नोंदीची प्रत मागावी, कारण साक्षीदार, खबर देणारा, मळ्याचे नाव आणि सर्वांत महत्त्वाचा तो क्रमांक पूर्ण नोंदीतच असतो.

इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली विवाहाची. धार्मिक पद्धतीने लागलेल्या लग्नाची नागरी नोंदणी झालेली नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ते लग्न नव्हते, आणि मुले आईच्या नावावर लागत. म्हणून एकाच जोडप्याची चार मुले दोन वेगवेगळ्या आडनावांनी सापडतात, किंवा वडिलांचे नाव नोंदीत कुठेच दिसत नाही. अशा वेळी आईच्या नावाने शोध घ्यावा आणि पुढे कधी तरी वडिलांनी मुलाला मान्यता दिल्याची टीप नोंदीच्या समासात आहे का, ते पाहावे. मजुरांचे काही विवाह ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याच्या कार्यालयातही नोंदले गेले आहेत, तेव्हा नागरी नोंदवहीत न सापडलेला विवाह तिथे शोधावा.

दुसरी अडचण नावांच्या लेखनाची आहे. नोंद करणारा फ्रेंच वळणाचा असला तर ‘ऊ’ या स्वरासाठी ओ आणि यू ही दोन रोमन अक्षरे येतात, ‘श’साठी सी आणि एच येतात, आणि आरंभीचा ‘ह’ गळून ‘हरी’चा ‘आरी’ होऊ शकतो. इंग्रजी वळणाचा कारकून तेच नाव वेगळे लिहितो. ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ठ’ या अक्षरांना दोघांकडेही न्याय मिळत नाही. त्यामुळे शोध सुरू करण्यापूर्वीच पूर्वजाचे नाव मोठ्याने उच्चारून ते ऐकणारा परका माणूस किती प्रकारांनी लिहील याची यादी करावी आणि प्रत्येक रूपाने अनुक्रमणिका पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे. पण अनेक शोध नेमके इथेच सोडून दिले जातात, हेही तितकेच खरे.

तिसरी पायरी: क्रमांक

पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. १८४९ मध्ये उभारलेल्या डेपोत, म्हणजे ज्याला पुढे कुली घाट म्हणत आणि १९८७ पासून आप्रवासी घाट म्हणतात तिथे, दोन-तीन दिवस ठेवून त्यांची नोंद होई आणि मग मळ्यांवर रवानगी होई. (२००६ पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.) हा क्रमांक वर्षागणिक वाढत जाणारा, सलग आणि बहुतेक वेळा माणसाला जन्मभर चिकटलेला असे. मुलाच्या जन्मनोंदीत आई-वडिलांपुढे, विवाहनोंदीत वधूवरांपुढे, मृत्यूनोंदीत मृताच्या नावापुढे तो लिहिला जाई. नाव सात प्रकारांनी लिहिले गेले तरी आकडा सहसा तोच राहतो, म्हणून नावापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवावा.

नोंदीत ‘नवा इमिग्रंट’ व ‘जुना इमिग्रंट’ असे शब्द भेटतात. पहिल्याचा अर्थ पहिला करार अजून चालू असलेला, आणि दुसऱ्याचा तो पुरा केलेला; वयाशी त्यांचा संबंध नाही. बेटावर जन्मलेल्याला असा क्रमांक नसे. म्हणून ज्या पिढीत आई किंवा वडील यांच्यापुढे क्रमांक प्रथम दिसतो, तीच समुद्र ओलांडून आलेली पिढी होय. स्त्रियांना स्वतंत्र क्रमांक असे, हे विसरू नये. पणजीचा क्रमांक मिळाला आणि पणजोबांचा मिळाला नाही, तरी शोध चालू राहतो, कारण ती दोघे एकाच जहाजातून आली असतील तर त्यांचे क्रमांक बहुधा शेजारी-शेजारी असतात.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही मजूर करार संपवून मायदेशी परतले आणि पुन्हा आले. अशा माणसाला दुसऱ्या खेपेस नवा क्रमांक मिळे. एकाच माणसाच्या दोन नोंदींत दोन आकडे दिसले, तर लगेच ‘ही दोन माणसे’ असा निष्कर्ष काढू नये.

चौथी पायरी: मोका येथील नोंदवह्या

क्रमांक हाती आला की मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागाराकडे जावे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत भारतीय स्थलांतरितांच्या मूळ नोंदवह्या, विवाहनोंदी आणि तिकिटांवरील छायाचित्रांचा संग्रह आहे. तिथले कर्मचारी वंशजांसाठी नोंद शोधून देतात. त्यासाठी आपल्यापासून त्या पूर्वजापर्यंतची दाखल्यांची साखळी सोबत न्यावी लागते. दुसऱ्या पायरीवरचे काम नीट झालेले असेल तर इथे वेळ लागत नाही. ते झालेले नसेल, तर ‘राघू नावाचा माणूस, मुंबईहून आलेला’ एवढ्यावर कोणीही काही शोधून देऊ शकत नाही.

नोंदीत सामान्यतः क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, परगणा किंवा तालुका, जिल्हा, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले हे मिळते. सर्व रकाने सर्व वर्षांत भरलेले नसतात. सुरुवातीच्या काळातल्या नोंदी त्रोटक आहेत. यांतले वय अंदाजाने लिहिलेले समजावे, कारण २०, २५, ३० असे गोल आकडे फार येतात. जातीच्या रकान्यातला ‘मराठा’ हा शब्द तर विशेष सावधपणे वाचावा: कारकुनाने तो कधी जात म्हणून, तर कधी ‘मराठी मुलखातला’ एवढ्याच अर्थाने वापरलेला असतो. शिवाय भरतीच्या वेळी काहींनी नाव आणि जात बदलून सांगितली असणेही शक्य आहे, आणि त्यामागे भीतीपासून सुटकेपर्यंत कोणतीही कारणे असू शकतात.

बहुतेक लोक आपल्या पूर्वजाची एक ओळ उतरवून घेऊन समाधानाने घरी जातात. ही मोठी चूक आहे. त्या ओळीच्या वरच्या वीस आणि खालच्या वीस ओळीही उतरवून घ्याव्यात. माणसे एकेकटी क्वचितच जात. एकाच गावची किंवा शेजारच्या वाड्यांची माणसे मुकादमाच्या मागे एकत्र निघत आणि डेपोत एकत्र रांगेत उभी राहत, त्यामुळे त्यांचे क्रमांकही लागून येतात. समजा, आपल्या पूर्वजापुढे गावाचे नाव वाचता येण्यासारखे नाही, किंवा नुसते ‘बॉम्बे’ लिहिले आहे. पण तीन ओळी खाली त्याच जातीचा, त्याच मळ्यावर पाठवलेला माणूस आहे, आणि त्याच्यापुढे तालुक्याचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. हा पुरावा नव्हे. पण शोधाला दिशा देणारी इतकी चांगली खूण दुसरी नाही. पुढे एकमेकांच्या लग्नात हीच माणसे साक्षीदार म्हणून सापडली तर दुवा आणखी घट्ट होतो.

इथपर्यंतच थांबणाऱ्यांसाठी एक माहिती. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसच्या दौऱ्यात, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना विशेष तरतुदीखाली ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओळखपत्र) मिळू शकेल, असे जाहीर केले. त्या कामासाठी महत्त्वाची असते ती अर्जदारापासून स्थलांतरित पूर्वजापर्यंतची दाखल्यांची साखळी. कोकणातली वाडी शोधणे हे त्यापुढचे आणि वेगळ्या जातकुळीचे काम आहे.

जमिनीची खरेदीखते

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळ्यांचे तुकडे पाडून विकले जाऊ लागले, तेव्हा साठवलेल्या पैशातून अनेक जुन्या मजुरांनी छोटे भूखंड घेतले. हे व्यवहार नोटरीपुढे झाले आणि खतांत खरेदीदाराचे नाव, बहुधा क्रमांक, राहण्याचे ठिकाण आणि कुटुंबीयांचे उल्लेख येतात. वारसांत वाटणी झाली असेल तर सर्व मुलांची नावे एका कागदावर मिळतात. मॉरिशसचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि पोर्ट लुईचे नोंदणी कार्यालय ही दोन ठिकाणे यासाठी पाहावीत. मजकूर फ्रेंचमध्ये असतो.

पाचवी पायरी: नोंदवहीतले गाव नकाशावर शोधणे

आता समुद्राच्या अलीकडे येऊ. नोंदवहीतला ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे आजचा रत्नागिरी जिल्हा नव्हे. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे सारे रत्नागिरीत होते. सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान होते आणि इंग्रजी कागदांत ते ‘सावंत वारी’ अशा वळणाने लिहिलेले दिसते. विजयदुर्गाला इंग्रज ‘घेरिया’ म्हणत. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे जुने तालुके: एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि मालवण असे भाग होते, त्यामुळे ‘सुवर्णदुर्ग’ असे लिहिले असेल तर तो किल्ला न समजता दापोलीच्या बाजूचा मुलूख समजावा, आणि ‘अंजनवेल’ म्हणजे गुहागर-चिपळूणचा परिसर. ‘कुलाबा’ म्हणजे मुंबईतले कुलाबे असेलच असे नाही. आजच्या रायगड जिल्ह्याचे १९८१ पर्यंतचे नाव तेच होते.

गावाच्या नावाचा उलगडा करताना १८८० साली प्रसिद्ध झालेले मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरी-सावंतवाडीवरील पुस्तक आणि जुन्या जनगणनेतील गावांच्या याद्या जवळ ठेवाव्यात. एकाच नावाची गावे अनेक असतात; ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ आणि ‘तर्फ’ हे शब्द मॉरिशसच्या नोंदीत हमखास गळालेले असतात. म्हणून उच्चाराने जुळणारी सर्व गावे यादीत घ्यावीत आणि तालुका, जात, कुलदैवत यांच्या चाळणीतून एकेक वगळत जावे. आंबे-फणसांची वर्णने आणि ‘समुद्राजवळ टेकडी होती’ असल्या आठवणी या चाळणीत धरू नयेत; अर्ध्या कोकणाला त्या लागू पडतात.

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागाराचे दप्तर आहे आणि तिथे मुंबई सरकारचा स्थलांतरविषयक पत्रव्यवहार पाहायला मिळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे काही कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरून घरबसल्या शोधता येतात. जहाज, भरतीचे नियम, तक्रारी, मृत्यू यांबद्दल तिथे पुष्कळ मिळते. एका विशिष्ट मजुराचे नाव मिळण्याची आशा मात्र बेताचीच ठेवावी. जहाजाचे नाव व तारीख माहीत असेल तरच हा वेळ सत्कारणी लागतो.

सहावी पायरी: गावातले कागद

इथे शोधाची दिशा उलटी करावी लागते. जो गेला त्याचा कागद गावात नसतो. जो राहिला त्याचा असतो. कोकणात जमिनीच्या तपशीलवार नोंदी उपलब्ध होऊ लागतात तोवर आपला पूर्वज मॉरिशसमध्ये म्हातारा झालेला होता. म्हणून शोधायचे ते त्याच्या वडिलांचे, भावाचे आणि पुतण्याचे नाव.

रत्नागिरी जिल्ह्यातली बहुसंख्य गावे खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत हा वतनदार गोळा करून सरकारात भरी, त्यामुळे जमीन कसणाऱ्या कुळांची नावे खोताच्या दप्तरात आणि ‘बोटखत’ या नोंदीत आढळतात. १८८० चा खोती कायदा झाल्यानंतरच्या काळातले बोटखत सापडले तर ते सर्वांत उपयोगी, कारण पूर्वज गेल्यावर मागे राहिलेली पिढी त्यात असते. हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली, त्यामुळे फेरफार म्हणजे गाव नमुना सहा त्यानंतरचा असतो; पण वारसांच्या फेरफारात मागच्या दोन पिढ्यांची नावे येतात. याखेरीज कडईपत्रक, पाहणीपत्रक आणि सातबाराचे जुने उतारे पाहावेत. जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना चौदा किंवा बोलीत कोतवाल बुक, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. प्राथमिक शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टरही विचारावे. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे बाहेर काढून तपासली गेली, आणि त्यांतल्या अनेक नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय ठेवल्या गेल्या. त्यामागचे राजकारण काहीही असो, वंशावळ शोधणाऱ्याची त्यामुळे चांगलीच सोय झाली आहे.

यांतले जुने कागद मोडीत असतात. अक्षरे सलग, शब्दांत अंतर नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला मोडी आपोआप वाचता येत नाही. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. अन्यथा जाणकाराला योग्य मोबदला देऊन वाचून घ्यावे आणि लिप्यंतराबरोबर मूळ कागदाचे छायाचित्र ठेवावे. काही शब्द मात्र स्वतः ओळखायला शिकावेत. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘राघू बिन बाबाजी’ असे मॉरिशसच्या नोंदीतले नाव व वडिलांचे नाव जोडून मनात धरावे आणि मग ‘अमुक बिन बाबाजी’ या साच्यातला भाऊ शोधावा. वर्ष शकात असेल तर त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळतो. चैत्रापूर्वीच्या महिन्यांत एक वर्ष आणखी मिळवावे लागते.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे ‘राघू बिन बाबाजी’, त्याचा ‘बाबाजी बिन राघू’, आणि पुन्हा ‘राघू बिन बाबाजी’ अशी साखळी एका घरात शंभर वर्षे चालू राहते. त्यामुळे नाव आणि वडिलांचे नाव जुळले एवढ्याने हुरळून जाऊ नये.

सातवी पायरी: भावकी, देऊळ आणि नामावळी

कागदांनी गाव दोन-तीन नावांवर आणून ठेवले की माणसांकडे जावे. गावात गेल्यावर थेट ‘आमचे नातेवाईक शोधायला आलो’ असे म्हणू नये. जमिनीवर हक्क सांगायला कोणी आले की काय, ही शंका आधी येते आणि ती अगदीच अवास्तव नाही. ग्रामदेवतेच्या देवळात गुरवाला भेटावे, नारळ द्यावा, येण्याचे कारण सांगावे आणि त्याच्यामार्फत मानकऱ्यांपर्यंत पोहोचावे. कोकणच्या गावऱ्हाटीत कोणत्या घराण्याचा कोणता मान, पालखीला पहिला खांदा कोणाचा, शिमग्यात पालखी कोणत्या घरी आधी जाते, हे सारे ठरलेले असते आणि या क्रमात भावकीतल्या थोरल्या-धाकट्या शाखांची आठवण टिकून राहते. एखाद्या घराचा मान ‘माणूस नाही म्हणून’ दुसरी शाखा सांभाळते असे कळले, तर तो माणूस कुठे गेला, हे आवर्जून विचारावे. शक्य असेल तर भेट शिमग्यात किंवा गणपतीत ठेवावी, कारण मुंबईकर मंडळी तेव्हाच गावी येतात आणि घराण्याची माहिती असलेले म्हातारे पुष्कळदा मुंबईतच राहतात.

देवक आणि कुलदैवत यांची पहिल्या पायरीवर लिहून ठेवलेली टिपणे इथे कामी येतात. आडनाव हरवलेल्या घराण्याला भावकी ओळखते ती याच खुणांवरून.

दुसरे ठिकाण तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील उपाध्यायांकडे गाव आणि आडनाव यांनुसार यजमानांच्या वह्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव सांगून नोंद केलेली असते. इथे मॉरिशसचे आडनाव सांगून उपयोग नाही. आधी गाव आणि भावकीचे आडनाव पक्के करावे, मग त्या गावाचे उपाध्याय कोण याची चौकशी करावी. गरिबीमुळे सर्वच कुटुंबे यात्रेला जाऊ शकत नव्हती, त्यामुळे नोंद नसणे म्हणजे घराणे नसणे नव्हे. वही खासगी मालकीची असते. छायाचित्र परवानगीने घ्यावे आणि दक्षिणा द्यावी.

जनुकीय चाचणीबद्दल अलीकडे बरेच विचारले जाते. संशयित भावकीतल्या पुरुषाने आणि मॉरिशसमधल्या थेट पुरुषवंशजाने दोघांनी चाचणी केली तर पितृवंश एक आहे का, याचा अंदाज येतो. नुसती स्वतःची चाचणी करून गाव सापडत नाही.

जुळले म्हणावे केव्हा

एक निकष ठरवून घ्यावा आणि तो आधीच ठरवावा, कारण गावातल्या म्हाताऱ्या आजीने चेहरा कुरवाळून ‘आमचाच हाय’ म्हटल्यावर निकष ठरवता येत नाही. माझ्या मते पूर्वजाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात यांपैकी किमान तीन गोष्टी मॉरिशसच्या नोंदीत आणि इकडच्या कागदांत स्वतंत्रपणे जुळल्या पाहिजेत, काळ जुळला पाहिजे, आणि जुळणारे दुसरे घर त्याच गावात किंवा शेजारच्या गावात नाही याची खात्री करून घेतली पाहिजे. यापलीकडे देवक किंवा कुलदैवत जुळले, अथवा ‘एक भाऊ मोरसला गेला’ ही आठवण आपण न सुचवता समोरून आली, तर दुवा भक्कम मानावा. आठवण आपण सुचवल्यावर आली असेल तर ती टिपणात तशीच लिहावी.

निकष पुरा होत नसेल तर वंशावळीत त्या जागी तुटक रेघ काढावी आणि ‘संभाव्य’ असे लिहावे. पूर्ण रेघ एकदा काढली की पुढची पिढी ती पुसत नाही, आणि चुकीच्या भावकीच्या देवाला दरवर्षी नारळ जात राहतो.

शेवटी प्रतींचा प्रश्न. नोंदवहीतला उतारा, दाखल्यांची साखळी, मोडीचे लिप्यंतर आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण यांच्या तीन प्रती कराव्यात: एक स्वतःकडे, एक मॉरिशसमधल्या नातलगांकडे, आणि एक गावच्या भावकीकडे, देवनागरीत लिहिलेली. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि जमिनीचे गट क्रमांक या प्रतींतून वगळावेत. गावच्या प्रतीत पूर्वजाच्या तिकिटावरचे छायाचित्र मोठे करून लावावे. ज्या घरातून तो निघाला, तिथे त्याचा चेहरा तोवर कोणीही पाहिलेला नसतो.